वाऱ्याला चकवण्याचे स्वस्त उपाय

प्रिय छोटी,

पत्र पाहून दचकू नकोस, घरी सगळे ठीक आहेत. आईने तुला फोनवर 'बाबांचं डोकं फिरलंय' असं सांगितलं असेल तर ते अर्धवट आहे. डोकं जागेवर आहे, फक्त हेल्मेटची सगळी भोकं मी चिकटपट्टीने बुजवली आहेत. का, ते सांगतो.

झालं असं की साखर वाढली म्हणून डॉक्टरांनी व्यायाम करायला सांगितला. चालायला जावं तर दर दहा पावलांवर एखादं गिऱ्हाईक अडवून विचारतं, माझे कपडे कधी मिळणार. म्हणून सायकल. घरात सायकल एकच, तुझी, दुकानाच्या माळ्यावर टांगलेली. तीन वर्षं तिला तूही हात लावला नव्हतास आणि मीही. धूळ पुसली, सीट वर केली आणि निघालो. गिऱ्हाइकं आता लांबून नुसती हात करतात.

महिन्याभरातच शेजारच्या चष्मेवाल्याने मला भरीला घातलं. तुझ्या जुन्या क्लबात आता साठीच्या पुढच्यांचीही शर्यत असते. तीच ती, एकेकट्याने घड्याळाशी लावायची, वीस किलोमीटरची. मला त्रेपन्न मिनिटं लागली आणि मी शेवटचा आलो. चष्मेवाला म्हणाला, "मास्तर, या वयात पायांत नवा जोर यायचा नाही. पण तुम्हाला खरा अडवतोय तो वारा. तो अंगावर कमी घ्या." त्याने कुठेतरी वाचलं होतं की वारा सायकलीपेक्षा वर बसलेल्या माणसालाच जास्त अडवतो. मग ठरलं, नवीन काही आणायचं नाही, घरात आहे त्यातच भागवायचं.

हँडलच्या खालच्या चकत्या काढून वर घातल्या. हँडल खाली आलं, पाठ आडवी झाली, पोट मात्र गुडघ्यांच्या वाटेत यायला लागलं. पाण्याची बाटली काढली. पायांवरचे केसही वारा धरतात असं कळलं, म्हणून न्हाव्याकडे गेलो. तीस वर्षं तो माझे केस कापतोय. त्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं, दुकानाचं दार लोटून घेतलं आणि हळूच विचारलं, "घरी वहिनींना माहीत आहे ना?"

मग अंगाला चिकटून बसेल असा सूट शिवला. पोहण्याच्या कपड्यांचं ताणलं जाणारं कापड उरलं होतं, ते ओणव्या मापाने बेतलं. सायकलवर बसलं की एक सुरकुती दिसत नाही. पण उभं राहिलं की ते कापड पाठ सरळच करू देत नाही. तसाच एकदा पाणी प्यायला दुकानात शिरलो, तर गणवेशाची मापं द्यायला आलेल्या बाईंनी खुर्ची पुढे सरकवली आणि कंबरेचा त्रास कधीपासून आहे म्हणून विचारलं. इतका चोख कपडा मी आयुष्यात शिवला नव्हता, आणि तो घालून माणसाला चालता येत नाही.

कशाचा किती उपयोग होतो हे बघायला पाण्याच्या टाकीमागचा उतार निवडला. सकाळी वारा पडलेला असताना एकाच रेषेवरून सायकल सोडायची, पायडल मारायचं नाही, आणि ती जिथे थांबेल तिथे चष्मेवाल्याने खडूने खूण करायची. दर वेळी एकच गोष्ट बदलायची. हेल्मेटच्या पट्टीने वीतभर फरक पडला, तरी मी ती काढली नाही. चिकटवायला सबंध दुपार गेली होती. न्हाव्याच्या मेहनतीचं फळ तर खडूच्या जाडीएवढंही नव्हतं. सुटाने अकरा पावलं पुढे नेलं आणि खाली घेतलेल्या हँडलने त्याहून जास्त.

गेल्या रविवारी पुन्हा शर्यतीत उतरलो. एकोणपन्नास मिनिटं. शेवटून दुसरा. शेवटच्याचं चाक पंक्चर झालं होतं हे आई भेटेल त्याला सांगते. घरी आल्यावर सुटाची चेन अडकली, तेव्हा तिने माझ्याच कात्रीने तो कापून मला बाहेर काढलं. कापताना तिला झालेला आनंद तिने थोडा तरी लपवायला हवा होता.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते लिहितो. शर्यतीच्या आधी उतारावर मी आणखी एकदा गेलो होतो, चष्मेवाल्याला न सांगता. तुझ्या निवडीच्या शर्यतीसाठी मी शिवलेलं पिवळं जाकीट कपाटात होतं. तुला थंडी वाजू नये आणि पुढची दोन वर्षं पुरावं म्हणून मी ते चांगलं ढगळ बेतलं होतं. तू म्हणालीस, "बाबा, हे फडफडतंय," आणि मी म्हणालो, "शिवणकाम तू मला शिकवू नकोस." तुझी पाठ दुखेल म्हणून हँडलही मीच उंच करून दिलं होतं. ते जाकीट मी घातलं. मलाही सैल झालं. चकत्या पुन्हा खाली घातल्या आणि सायकल सोडली. सगळ्यात लांबच्या खुणेच्या तीस पावलं अलीकडेच ती थांबली. त्या शर्यतीत तू चौदा सेकंदांनी मागे पडलीस, निवड हुकली, आणि मी सगळ्यांसमोर म्हणालो होतो, हिच्या पायांत दमच नाही. दम होता. एवढं कापड वाऱ्यात ओढत नेऊन तू फक्त चौदा सेकंद मागे होतीस. रविवारी मी हे तुझ्या प्रशिक्षकांना आणि वेळ टिपणाऱ्या बाईंना सांगितलं, कारण त्या दिवशी दोघांनीही माझं बोलणं ऐकलं होतं. अंगात सूट असल्यामुळे वाकूनच उभा होतो; त्यांना वाटलं, मी पाया पडतोय की काय. पण माफी मागायची आहे ती तुझी. फोनवर सुरुवात केली की मी दर वेळी हवापाण्यावर जातो, म्हणून हे पत्र. तू पुन्हा सायकल चालवावीस म्हणून लिहीत नाही, ते तुझं तू ठरव. मी चुकलो, छोटी. हे मला तीन वर्षांपूर्वीच, तिथल्या तिथे, कोणताही उतार न उतरता कळायला हवं होतं.

चुकलेला, पण तुझाच,
बाबा