काला अंबला तुटलेला दात

नोएडा, १२ डिसेंबर २०१९

प्रिय श्रीरंग,

फोनवर माझ्यानं भांडण होत नाही, मधेच रडू फुटतं, हे तुला ठाऊकच आहे. म्हणून लिहायला बसले. पंचवीस वर्षं गप्प राहिले, आता नाही राहणार. माझं काम तू स्वतःच्या नावावर खपवलंस आणि मला त्यावर माझं नाव हवंय. बस्स, एवढंच.

१९९३ ची संक्रांत आठवते? दिल्लीतल्या आपल्या मराठी मंडळाच्या बसनं आपण पानिपतला, काला अंबच्या रणस्मारकाला गेलो होतो. धुकं इतकं दाट की स्मारक जवळ जाईपर्यंत दिसेना. तू धावत सुटलास, पायरीवर घसरलास आणि समोरचा दात अर्धा तुटला. डेंटल कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होतास, आणि रडत होतास शाळकरी पोरासारखा! तुकडा मीच गवतातून शोधला, चहावाल्याकडून दूध घेऊन त्यात ठेवला आणि तुला थेट पहाडगंजच्या माझ्या दवाखान्यात आणलं. आई तिकडे लक्ष्मीबाई नगरच्या क्वार्टरमध्ये तिळगूळ घेऊन वाट बघत बसलेली.

गल्लीभर हीटर लागलेले, व्होल्टेज पार खाली. दिवा छोट्या इन्व्हर्टरवर चालला, पण हवा मारायचा कॉम्प्रेसर काही केल्या उठेना. ॲसिड लावून धुतलेला दात खडखडीत वाळवायचा, असं तेव्हा आपल्याला घोकून शिकवलेलं. मी नुसता कापसाच्या बोळ्यानं टिपला. ओलसरच राहिला. वैतागून तसाच तुकडा चिकटवला. महिन्याभरात पडेल, असं मीच तुला सांगितलं होतं. पडला नाही. थंड पाण्यानं कळसुद्धा आली नाही.

मग मी मुद्दाम तसंच करत गेले आणि एकेक पेशंट वहीत उतरवत गेले. वरच्या इनॅमलला कोरडं चालतं. ॲसिडनं त्यावर बारीक खड्डे पडतात, चिकटद्रव्य त्यांत शिरून घट्ट होतं. आतल्या डेंटिनचं तसं नाही. तिथे ॲसिडनंतर नाजूक धाग्यांची जाळी उरते. वाळवली की न झटकता वाळत घातलेल्या साडीसारखी आकसते, मग तिच्यात काही शिरत नाही. ओलसर ठेवली की ती मोकळी राहते. परदेशातही लोक तेव्हा याच वाटेवर होते, हे मी नंतर वाचलं. पण मला ते कुणी शिकवलं नव्हतं, माझ्या हातांनी शिकवलं होतं.

तू मात्र पेशंटसमोर म्हणालास, ताईचं काम ढिसाळ आहे. आणि वही वाचायला म्हणून घेऊन गेलास. दीड वर्षानं दंतवैद्यांच्या परिषदेच्या पुस्तिकेत सगळं छापून आलं. पेशंट माझे, आकडे माझे, नाव एकट्या तुझं. शेवटी आभार कुणाचे, तर कुटुंबीयांचे! वाह, क्या बात है! वही परत आली तेव्हा पहिलं पान ब्लेडनं कापलेलं होतं. त्यावर माझं नाव होतं आणि पहिली नोंद, तुझ्याच दाताची. परक्यानं केलं असतं तर मी त्याला कोर्टात खेचलं असतं. तुला अभ्यासाला बसवलं मी, तुझ्यासाठी बाबांशी भांडले मी, आणि तू माझाच केसानं गळा कापलास. आई म्हणाली, घरातली गोष्ट घरात राहू दे. तिच्यासाठी राहू दिली. आता तीही नाही.

आणि काल तुझा फोन. तो तुकडा निघाला, शनिवारी मंडळात याच कामासाठी तुझा सत्कार आहे, फोटो निघणार, आणि ताई, बिल्कुल तुझ्याच हातचं हवं! एवढा निर्लज्जपणा कुठून आणतोस रे? हात हवा आणि नाव नको? येऊ नकोस. गुडगावात डेंटिस्ट चिक्कार आहेत. ज्याच्याकडे जाशील त्याला हे पत्र दाखव, कृती वर सगळी लिहिली आहे. ही कुणाची, असं त्यानं विचारलं तर तेही खाली लिहिलंय. या खेपेस ते कापू नकोस.

आजवर तुझीच ताई होते, आज पूर्ण नावानं,
डॉ. अरुणा भालचंद्र टिळेकर