उंबराखालची आमरी

प्रिय दीप्ती,

चार वर्षांनी माझं अक्षर पाहून कपाळाला आठ्या घालशील. घाल. पण पत्र फाडू नकोस, एक गोष्ट सांगायची राहिली आहे.

परवा येऊरच्या जंगलात गेले होते. ढग झाडांत उतरलेले, पानांवरून पाणी ठिबकतंय, आणि त्या हिरवट अंधारात आपण चालतोय की तरंगतोय तेच कळेना. अशा वेळी आपण दोघी बोलायचंच विसरायचो, आठवतं? त्याच उंबराखाली ती पांढरी आमरी, आपलं ते जमिनीतलं ऑर्किड, पुन्हा फुलली आहे. पाकळीला तीच झालर, मागे तीच लांब शेपटी, कुठल्याच पुस्तकातल्या चित्राशी न जुळणारी. पुढच्या श्रावणात पुन्हा नीट तपासू, मगच वहीतल्या तिच्या पानावर नाव लिहू, असं तू ठरवलं होतंस. नेमका त्या श्रावणात तुझा पाय मोडला आणि खोपटच्या घरी तिसऱ्या मजल्यावर तू खिडकीशी बसून राहिलीस.

पाय बरा झाल्यावर वर गेलो, तर तिथे नुसता खड्डा. आपल्याला वाटा दाखवणाऱ्या काळुरामनेच कंद विकला, असं तू त्याला तोंडावर सुनावलंस, निसर्गमंडळात सगळ्यांना सांगितलंस. त्यानंतर त्याला कुणी बरोबर नेलं नाही. तो मान खाली घालून ऐकत होता आणि मी शेजारी गप्प उभी होते.

दीप्ती, कंद मी काढला होता. तुला जिना उतरता येईना, म्हणून फूलच तुझ्या खिडकीत आणायचा वेडेपणा सुचला. आधी कोपरला माझ्या गॅलरीत कुंडीत लावला, तो आठ दिवसांत कुजला. जंगलातल्या मातीशिवाय ती जगत नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं गं. मग तुझ्या नजरेला नजर देववेना, म्हणून मीच येणं बंद केलं. कुंडी अजून रिकामी आहे.

परवा काळुरामपुढे सगळं कबूल केलं. त्याने मला खणताना पाहिलं होतं, म्हणे. मग बोलला का नाहीस, विचारलं, तर म्हणाला, तुमची मैत्री तुटली असती. मला रडूच फुटलं. खड्ड्याशेजारी उगवलेलं एवढंसं रोप तो तेव्हापासून काट्या लावून राखत होता.

त्या रोपाचं हे फूल चारेक दिवस टिकेल. मंडळाला मी आज खरं ते कळवलं आहे. तू वही घेऊन ये, पण आधी पाड्यावर काळुरामकडे जा. मला भेटायचं की नाही, ते नंतर ठरव. त्या पानावर 'प्रथम कुणी पाहिली' यापुढे तू माझं नाव लिहिलं आहेस. ते खोड. त्या दिवशी बोट काळुरामने दाखवलं होतं, मी फक्त तुला आधी हाक मारली.

तुझीच,
नीला