खिडकीतून घेतलेलं ताट

माय, आज सानगडीच्या एका पोराची मुलाखत घेतली. पंधरा वर्षांचा. पंक्चरचं सोल्युशन हुंगायची सवय, चोरीची एक केस. मी फॉर्म काढला, पेन काढलं, आणि त्यानं माझ्या सगळ्या प्रश्नांना एकच उत्तर दिलं, "मले नाई मालूम." हात थरथरत होते त्याचे. मी 'सहकार्य नाही' असं लिहिलं आणि गाडीत येऊन बसलो. वाईट वाटायला हवं होतं, वाटलं नाही. पोरांच्या नशेवर आणि गुन्ह्यांवर इतकी वर्षं लिहून मन पार बधिर झालं आहे. पण त्या हातांवरून तू आठवलीस, आणि तुला सांगायचं राहिलं तेही.

तू अशाच, गुन्ह्यात सापडलेल्या मुलांच्या सरकारी गृहात स्वयंपाकाला होतीस. वरठीहून सकाळीच सायकलनं निघायचीस आणि शाळेला सुट्टी असली की मी मागे कॅरिअरवर. दुपारची भांडी आटोपली की तू स्वयंपाकघराच्या दारात रेशनचे तांदूळ ओतायचीस आणि नव्या आलेल्या पोराला हाक मारायचीस, "ये गा बापू, बस. माहे डोरे गेले आता, खडे दिसत नाई मले." डोळे कसले गेलेले! सुईत दोरा तू एका दमात ओवायचीस. पोरगं सूप घेऊन बसतं, थरथरत्या बोटांनी एकेक खडा वेचतं. तू काहीच विचारत नाहीस. अर्धं सूप होईतो बोटं जरा थांबतात आणि ते आपणहून बोलू लागतं, घरचं, बापाचं, पहिल्या चोरीचं. एकदा मी मध्येच काहीतरी विचारलं तर हातावर चापट बसली. "काहून खोदून राहिला त्याले? तोंडात घास असल्यावर बोलता येते का कोनाले? गिळू दे पयले."

तू शिकवलंस म्हणून मी शिकलो, याच विषयात नाव झालं, आणि एका पाहणी समितीवर मला घेतलं. नेमकं तुझंच गृह पाहायचं होतं. आम्ही आत आलो तेव्हा तू दारात पोरांना घेऊन तांदूळ निवडत होतीस. मला पाहून तू हसत उठायला लागलीस, अन् मी मान वळवून सोबतच्या अधिकाऱ्यांशी बोलू लागलो. तू परत खाली बसलीस. अहवाल मीच लिहिला. मुलांशी फक्त प्रशिक्षित समुपदेशकांनी बोलावं, स्वयंपाकघरातल्या कर्मचाऱ्यांचा मुलांशी संबंध येऊ नये, ही ओळ माझी. सगळ्यांनी मान डोलावली. ते दार कायमचं बंद झालं आणि भिंतीत ताट जाईल एवढी खिडकी पाडली.

खिडकी पाडली त्या संध्याकाळी तू घरी येऊन म्हणालीस, "कोन्या शहान्यानं सांगतलं असंल रे हे? पोरायचे हातच दिसते आता, तोंड दिसत नाई." मी म्हणालो, वरून आदेश आला असेल. तू "हव" म्हणालीस आणि भाजी फोडणीला टाकलीस. पुढं तू एकटीच तांदूळ निवडायचीस. समुपदेशक आठवड्यातून एकदा यायचे, फॉर्म भरून जायचे. मी आज भरला तसाच.

समिती पुन्हा आली तेव्हा जेवायला आम्हीही रांगेत उभे राहिलो. खिडकीतून तुझा हात आला, मनगटावर भाजल्याचा तो डाग. मी वाकून आत बघू शकलो असतो. ताट घेतलं आणि पुढचे सगळे म्हणाले तसंच म्हणालो, "थँक्यू, मावशी." हात जरा वेळ तिथंच राहिला. मग आतून आवाज आला, "भात आनखी देऊ का, साहेब?"

मी हो म्हणालो. घरी आपण त्यावर कधी बोललो नाही, आणि मग तू गेलीस. हा कागद कुठं पाठवायचा? सानगडीच्या फॉर्मखाली ठेवून देतो. लोकांना मी आजही सांगतो की ती ओळ शास्त्राला धरून होती. तसं काही नव्हतं, माय. तू माझी आई आहेस हे त्यांना कळू द्यायचं नव्हतं मला.