पेलाभर पाऊस

अण्णा,

मुरुडच्या शाळेत तुम्ही मास्तर होतात, अन् शाळेमागचं पर्जन्यमापक बघायचं कामही तुमच्याकडंच होतं. रोज सकाळी साडेआठला काचेचं मोजपात्र डोळ्यासमोर धरायचं अन् वहीत आकडा लिहायचा. पाऊस नसला की एकच शब्द, 'निरंक'. एका पावसाळ्यात तो शब्द पानभर खाली उतरत गेला. तुमचा चेहरा बघवेना, म्हणून मी गुपचूप पेलाभर पाणी पर्जन्यमापकात ओतलं. तुम्ही आधी कोरड्या अंगणाकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "आभाळाची खोटी साक्ष देतीस व्हय गं?" मारलं नाहीत, पण दोन दिवस बोललाही नाहीत. ते लई लागलं होतं मला.

आता तुमची ही लेकही मोजायचंच काम करते, नांदेडला. बदलत्या हवामानाशी कोणता देश किती जुळवून घेतोय, हे म्हणे सगळे देश एकमेकांना दाखवणार. त्यासाठी गावोगावचे आकडे वर जातात. मला पहिल्यापासून या आकड्यांचा संशय येतो. कागदावर एवढी प्रगती झाली, तर टँकर कुणासाठी पळतात हो?

गेल्या आठवड्यात उमरीकडच्या एका गावात गेले. शेततळं खोदलेलं, प्लास्टिकचा कागद अंथरलेला, आत नुसता बाभळीचा पाला. शेजारच्या रानातली बाई कमरेवर हात ठेवून बघत होती. "मोजायला आलाव का भरायला? तळं हाय, पाणी न्हाई. तुमच्या कागदावर 'पूर्ण' आलं की आमचं टँकर बंद. एवढं ध्यानात ठिवा, बाई." मी म्हटलं, ठेवते.

फॉर्ममध्ये विचारलंय, तळी किती? पाणी किती, हे कुठंच नाही. मी शेऱ्यात 'निरंक' लिहिलं. ऑफिसात साहेब ते वाचून गोड हसले. "मॅडम, निरंक गेलं की वरून फोन येतो. तळं खोदलंय ना? मग झालं की पूर्ण." त्या गोडव्याचा मला संशय आला, अन् मी मान का डोलावली याचा त्याहून जास्त.

हे पत्र कुठं टाकणार? वहीतच राहील. फॉर्ममधल्या दुरुस्तीची मुदत उद्या संपते. खरं सांगते अण्णा, 'निरंक'चं 'पूर्ण' साहेबांनी नाही, मीच माझ्या हातानं केलं. परत पेला ओतलाय मी, अन् या वेळी अंगणाकडं बघायला तुम्ही नाही.