चाय घराच्या पाटीबद्दल खुलासा

इंदोरा, नागपूर
१९ फेब्रुवारी १९७४

आदरणीय आनंदराव भाऊजींना रामाजीचा मनापासून जय भीम.

आपली आणि सुभद्राताईची तब्येत बरी असेल, आणि कन्हानच्या गारठ्याने तुमचे गुडघे फार कुरकुरत नसतील, असे धरून चालतो. इकडे सर्व ठीक आहे. (सर्व म्हणजे गोपिका. माझे पुढे येतेच आहे. अक्षर हलल्यासारखे वाटले तर कागद हलका आहे.)

दिवाळीपासून माझा उजवा हात थरथरू लागला हे ताईने सांगितलेच असेल. सत्तावीस वर्षे मी नागपूरच्या पाट्या रंगवल्या, पण यंदा एका दातांच्या दवाखान्याच्या पाटीवर 'दात' हा शब्द असा निघाला, की पेशंट तो वाचूनच परत फिरू लागले. रामदासपेठेतल्या डॉक्टरांनी मला हात पुढे करायला लावला, बराच वेळ पाहिला, आणि नसा कमजोर आहेत, आराम करा म्हणाले. पाट्या रंगवणाऱ्याने आराम केला तर त्याला बेकार म्हणतात, असे सांगणार होतो. पण डॉक्टरांचीही पाटी पुसट झाली होती, म्हणून संबंध बिघडवले नाहीत.

अशात मोमिनपुऱ्याच्या तोंडाशी हॉटेल टाकणाऱ्या भैयाजींनी काम सांगितले. वर देवनागरीत 'चाय घर' आणि खाली तेच उर्दूत. मला उर्दू येत नाही हे मी बोललो नाही. (त्यांनी विचारले नाही.) उर्दू मजकूर लिहून घ्यावा म्हणून मी उस्ताद सनाउल्लासाहेबांकडे गेलो. वय अठ्ठ्याहत्तर. लग्नपत्रिका, छापखान्याचे मजकूर, मशिदीत लावायच्या कुराणातल्या आयती, सारे बोरूने लिहिण्यात त्यांचा जन्म गेलेला. त्यांनी माझ्यासाठी चहा मागवला आणि स्वतःचा कप उचलला, तेव्हा मी पाहतच राहिलो. त्यांचा हात माझ्यापेक्षा जास्त थरथरत होता. अर्धा चहा बशीत, पाव सतरंजीवर. मग त्यांनी बोरू शाईत बुडवून कागदावर टेकवला आणि तोच हात दुसऱ्या कोणाचा असावा तसा थांबला. वरून खाली एक रेघ आली. ती अलिफ, उर्दूचे पहिले अक्षर. बोरू ठेवला, हात पुन्हा थरथरू लागला.

भाऊजी, मी पाटी विसरलो. "मले हेच शिकवा," एवढेच तोंडातून निघाले.

"हाथ से नहीं लिखते, मियाँ," ते म्हणाले. "साँस से लिखते हैं. छोड़ते वक़्त."

त्यानंतर सात आठवडे मी फक्त नुक्ता काढला. नुक्ता म्हणजे ठिपका, पण आपल्यासारखा गोल नव्हे. बोरूच्या एका दाबात उमटणारा तिरपा चौकोन. तिथे सगळी अक्षरे नुक्त्यांनी मोजतात; अलिफ तीन नुक्ते उंच. ज्याला नुक्ता येत नाही त्याला काहीच येत नाही, आणि मला नुक्ता येत नव्हता. विहारात भंतेजी श्वासाकडे लक्ष द्या म्हणतात तेव्हा मला हमखास डुलकी लागते, पण इथे श्वास चुकला की कागदावर दिसायचा. दिसायचे बाकीचेही. एकदा उस्तादांनी माझा नुक्ता पाहून विचारले, "घर में झगड़ा हुआ?" झाला होता. मला सायकलवरून इंदोऱ्याला पाठवले, माफी मागून ये म्हणाले, कारण मनात किल्मिष ठेवून लिहिलेला हर्फ, म्हणजे अक्षर, वाकडा जातो. असे चार वेळा झाले. गोपिकेला हे कळल्यापासून माझी घरातली बाजू फार कमजोर झाली आहे.

कागदही साधा चालत नाही. त्याला अंड्याचा पांढरा बलक लावून, वाळवून, गुळगुळीत दगडाने घोटावे लागते. त्यामुळे आम्ही अकरा दिवस नुसते पिवळे खाल्ले. शेजारच्या यमुताई काळजीने विचारून गेल्या, की हे कोणत्या डॉक्टरचे पथ्य.

शेवटी उस्तादांनी 'चाय घर' लिहून दिले. भैयाजींनी कोरी पाटी आधीच वर ठोकून ठेवली होती, म्हणून मी शिडीवर चढून रंगवले. अक्षरे उतरली. मग पहिल्या अक्षराच्या पोटात नुक्ता दिला, आणि भाऊजी, तो असा आला की मी खाली उतरून रस्त्यापलीकडून पाहिला. त्याच्या बाजूला आणखी काही ठेवणे मला बरे वाटले नाही. काम पूर्ण झाले असे मी ठरवले.

अडचण अशी, की उर्दूत 'च'च्या पोटात तीन नुक्ते असतात. एकच दिला तर तो 'ज' होतो. त्यामुळे 'चाय घर'चे झाले 'जाए घर', म्हणजे आपापल्या घरी जावे. मोमिनपुऱ्याची माणसे यायची, पाटी वाचायची, पोट धरून हसायची आणि जायची. तिसऱ्या दिवशी भैयाजी माझ्या दारात उभे. "काहून गा रामाजी, गिऱ्हाईक पाटी वाचून वापस जाऊन राहिलं ना!"

उस्तादांच्या कानावर गेले. सहा वर्षांत गल्लीबाहेर न पडलेला माणूस सायकलरिक्षाने आला आणि पाटीखाली दहा मिनिटे उभा राहिला. "नुक्ता तो अच्छा है," ते म्हणाले. भैयाजी रडायच्या बेतात आले. मग उस्तादांनी मला विचारले, "बाक़ी दो?" मी तुम्हाला सांगितले तेच कारण सांगितले. त्यांनी माझ्या तोंडाकडे न पाहता हाताकडे पाहिले.

दुसऱ्या दिवशी उरलेले दोन नुक्ते देण्यात आले. पाटी आता बिनचूक आहे आणि गिऱ्हाईक बसते. नागपुरास याल तेव्हा अवश्य पाहावी. माझा हात उत्तम आहे.

आपला,
रामाजी

ता. क. मागल्या पत्रात तुम्ही खापा गावातल्या लाकडाच्या वखारीत राखणदाराची जागा निघाल्याचे लिहिले होते. ती अजून रिकामी आहे काय? राखणदाराला लिहावे लागत नसेल असे धरतो. पगारापुढे सही लागत असेल तर अंगठा देईन.

ता. क. सुभद्राबाई, मी गोपिका लिहून राहिली. यांनी पत्र पेटीत टाकायले मलेच देलं, म्हणून वाचलं. भाऊजीले म्हणा, ते जागा दुसऱ्या कोणाले द्या. मी डबा घेऊन खाली उभी होती; एक नुक्ता देल्यावर यांचा हात इतका हालला का शिडीबी हालून राहिली होती. उतरले ते रस्त्यापलीकडे जाऊन उभे राहिले, आन घरी येऊन जेवले नाही. सात हप्ते हे घरी नुक्ते काढत, तं मीबी चुलीपाशी कोळशानं काढून पाहे. उस्तादजी घरी आले, त्याईनं ते फरशीवरचे पाह्यले, आन मले रिक्षात बसवून पाटीपाशी घेऊन गेले. 'चढ बेटी' म्हणे. ते दोन नुक्ते माह्ये आहेत बाई. उस्तादजी म्हणे, हर्फ इसके, नुक्ते तेरे. आता भैयाजीच्या साळ्याच्या दुकानाची पाटी घेतली आहे. हे एक अक्षर काढतात, उतरतात, दम घेतात, पुन्हा चढतात. टाइम लागते, पण अक्षर सरळ येते. कन्हानच्या काठचे बोरू वाळवून पाठवा, उस्तादजीपाशी संपत आले, आन आम्हा दोघाईलेबी पाहिजे. मी वर असली का हे खालून शिडी धरतात. तवा यांचा हात नाही हालत, मी पाह्यलं.