तिसरा पुकारा

औरंगाबाद,
४ बहमन १३४६ फसली

प्रिय कारभारी,

एकोणीस वर्षांनी माझं अक्षर पाहून पत्र चुलीत घालावंसं वाटलं तर घाल, पण आधी वाचून घे. आमचे अब्बा गेले. मागच्या जुम्म्याला, सकाळी.

मयतीला माणूस पुष्कळ. तीस वर्षं कचेरीच्या दारात उभं राहून ज्यानं लोकांच्या नावाचा पुकारा केला, त्याला कोण ओळखत नाही! आमच्यात मयतीच्या नमाजेआधी थोरल्या मुलानं लोकांना सांगायचं असतं, माझ्या वडिलांनी कुणाचं मन दुखवलं असेल तर त्यांना माफ करा. एवढंच. आणि ते म्हणणार कोण, तर मी! चार माणसं दिसली की ज्याचा गळा मिटायचा, मास्तरांपुढं ज्याला स्वतःचं नाव सांगता यायचं नाही, तो. चुलते म्हणाले, मी सांगतो, तू बाजूला हो. मी मान हलवून नाही म्हटलं.

मग विहिरीवरच्या मोटेची ती तुझी शिकवण आठवली. शाळेसाठी तू देवगाव रंगारीहून येऊन आमच्या शेजारच्या खोलीत राहिलास, त्या साली मला जमिनीवर उताणं पाडून पोटावर पाटी ठेवायचास. खांदे सैल, जबडा सैल, जांभयांवर जांभया. "मोह्या, पाणी वढताना बैलं धावंच्या उतारानं खाली जाय लागली की सूर सोडायचा. मागं सराय लागली की गप ऱ्हायचं, दम भरायचा. लई सोपं हाय, माझा बाप रोज करतो." पाटी वर चढेल तेव्हा गप, खाली येईल तेव्हा बोल. मयतीत तसंच केलं. खांदे सोडले, बैलं मागं सरू दिली आणि बोललो. शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं म्हणतात. सगळे म्हणाले, माफ केलं. त्यात मी तुझा आवाज शोधत होतो, वेड्यासारखा.

तो दिवस तू विसरला नसशील. अब्बा कचेरीतून लवकर आले. मी खाली पडलेलो, तू तोंड वासून जांभई दाखवतोयस. त्यांना वाटलं, माझ्या अडखळण्याची तू टिंगल करतोस. "मेरे बच्चे की नकल उतारता?" म्हणत तुला थोबाडीत दिली आणि कचेरीतल्या आवाजात हाकललं. सगळ्या गल्लीनं ऐकलं. तू माझ्याकडे बघत होतास. मीच शिकव म्हणालो होतो, एवढंच सांगायचं होतं मला. नाही निघालं तोंडातून. दुसऱ्या दिवशी तू गावी गेलास, शाळा सुटली ती सुटलीच. लाज वाटते रे, अजून वाटते.

गेल्या साली अब्बांना लकवा झाला आणि त्यांचा तो आवाज गेला. पाणी मागायचं तर नुसती घुरघुर. मी त्यांच्या पोटावर पाटी ठेवली. रोज सकाळी, महिनाभर. आधी 'पानी' आलं, मग माझ्या मुलीचं नाव, 'रईसा'. एके दिवशी त्यांनी विचारलं, तुला हे कुणी शिकवलं? तेव्हा कुठं सांगितलं मी. ते भिंतीकडे तोंड करून पडले. दोन दिवस अन्नाला शिवले नाहीत.

त्यानंतर सरावाला त्यांनी दुसरे शब्द घेतलेच नाहीत, फक्त तुझ्या बापाच्या नावासकट तुझा कचेरीतला पुकारा. "कारभारी वल्द सांडू, हाजिर है?" तुला बोलावतो म्हटलं तर हातानं थांबवायचे. आधी आवाज सुधारू दे, मग स्वतः हाक मारीन, असं त्यांच्या मनात होतं. कचेरीत तीन पुकारे होतात, तुला ठाऊक आहे. जुम्म्याला दोन अगदी स्वच्छ दिले. तिसऱ्यासाठी दम भरला, पाटी वर गेली, मग नुसती खाली आली.

म्हणून तिसरा मी देतोय. कारभारी वल्द सांडू, हाजिर है? अब्बांसाठी तुला इथवर यायची गरज नाही. उद्या मोटेवर उभा राहशील तेव्हा, बैलं उतरताना, एकदा मोठ्यानं म्हण, माफ केलं. मला ऐकू नाही आलं तरी चालेल. माझी माफी मात्र यात मागत नाही. ती मागायला मी देवगावला येतोय, तुझ्यासमोर उभा राहून, तोंडानं.

तुझाच,
मोह्या