कुंपणाकडची जागा

१२ जानेवारी, सोमवार

नर्सनं दिलेला बाप्तिस्मा देवाकडे चालतो का? मला माहीत नाही. आज येणाऱ्या-जाणाऱ्यानं मलाच विचारलं – घरातली पहिली ग्रॅज्युएट ना मी! इतिहासात बी.ए. केलंय, देवाच्या कारभारात नाही.

मीनाचं बाळ पहाटे गेलं. मीना, माझी मोठी बहीण. बाळ फार लवकर आलं होतं. जालन्याच्या दवाखान्यात काचेच्या पेटीत होतं, आठवडाही भरला नाही. शनिवारी मी खाली चहा आणायला गेले तेव्हा केरळची सिस्टर मीनाला म्हणाली, "बच्चा बहुत कमजोर है. आप लोग क्रिश्चन हो ना? पानी डालूँ?" मीना हो म्हणाली. सिस्टरनं सिरिंजमध्ये पाणी घेतलं, पेटीच्या गोल भोकातून हात घातला आणि कपाळावर थेंब सोडले. शब्द मल्याळममध्ये. नाव मीनानं सांगितलं – शमुवेल. मी चहा घेऊन वर आले तर मीना हसत होती.

संध्याकाळी माती दिली. कुंपणाकडे.

१३ जानेवारी

काल पुढचं लिहवलं नाही, आज लिहिते.

आमच्या कबरस्तानात ओळी आहेत. ओळीत जागा कोणाला? ज्याचा बाप्तिस्मा झाला त्याला. त्याला क्रूस, क्रुसावर नाव, पाळकांची प्रार्थना. ज्या लेकरांचा झालेला नसतो ती पार टोकाला, कुंपणाकडे, बाभळीखाली. क्रूस नाही, नाव नाही, प्रार्थना नाही. बापानं एकट्यानं न्यायचं. बायांनी फाटकाबाहेर थांबायचं. हे मला लहानपणापासून माहीत होतं. लहानपणी आम्ही त्या बाभळीकडे खेळायला जायचो नाही, एवढंच. ते कधी कुणाला विचारावं असं वाटलं नाही. वाटायला हवं होतं!

पंच कमिटीचे तातेरावकाका फाटकातच उभे होते. "रोमन लोकांचं पाणी, त्यात बाईच्या हातचं. आपल्यात ते धरत न्हाईत." रोमन म्हणजे कॅथलिक; आम्ही प्रोटेस्टंट. एवढं बोलून बाजूला झाले. मीनाच्या नवऱ्यानं, कल्याणभाऊजींनी, टॉवेलात गुंडाळलेलं बाळ नेलं. पाळकसाहेब आले होते, पण झगा न घालता, साध्या स्वेटरवर. म्हणजे माणूस म्हणून आले, पाळक म्हणून नाही. असंही येता येतं, हे मला काल कळलं.

दर रविवारी मी रविवारच्या शाळेत लेकरांना विचारते – आपल्या विश्वासाचा आधार काय? लेकरं ओरडतात – फक्त पवित्र शास्त्र! रोमन लोक रूढी मानतात, आपण शास्त्र मानतो. हे मीच शिकवते. किती तोऱ्यात शिकवते!

आज शास्त्र धुंडाळलं. त्यात कुंपण कुठंच नाही.

१५ जानेवारी

पाळकसाहेबांकडे गेले. राजानंद पाळक चांगले आहेत, हीच त्यांची अडचण आहे. कोणाला दुखवत नाहीत, म्हणून कोणाला वाचवतही नाहीत.

मी म्हटलं, "बाप्तिस्मा न झालेलं लेकरू कुंपणाकडं ठेवायचं, हे शास्त्रात कुठंय?"

"न्हाई बाई. ती वहिवाट हाय. मिशनच्या साहेब लोकांच्या काळापासूनची."

"मंग नर्सनं दिलेला चालत नाही, हे कुठंय?"

"तेबी न्हाई."

मला वाटलं जिंकले. मग त्यांनी चष्मा काढला. "आता मी विचारू? नर्सनं द्यावा असं कुठंय? ती रोमन लोकांची वहिवाट हाय. जीव जायला लागला तर कोणीबी पाणी घालावं. चांगली हाय, पण वहिवाटच."

चष्मा पुसत ते पुढं म्हणाले, "अन् तान्ह्या लेकराला बाप्तिस्मा द्यावा, हे तरी सरळ कुठं लिहिलंय, दाखव."

मी शास्त्रातली तुरुंगाच्या अधिकाऱ्याची गोष्ट काढली, त्यानं घरच्या सगळ्यांसकट बाप्तिस्मा घेतला ती. ते म्हणाले, "त्या घरात तान्हं व्हतं का? लिहिलेलं न्हाई. आपण धरून चालतो. जालन्यातले ते पाण्यात बुडवणारे लोक न्हाई का, मोठं झाल्याबिगर देतच न्हाईत. निव्वळ शास्त्र म्हणशील तर तेच खरे. मंग तुझाबी झालेला न्हाई, माझाबी न्हाई. चल, दोघं बी कुंपणाकडं!"

हसले. मला हसू आलं नाही. एक धागा ओढायला गेले आणि अंगावरचा सगळा स्वेटर उसवायला लागला, असं वाटलं.

पण एक विचारायचं राहिलं. सगळंच वहिवाट असेल तर दयेची वहिवाट रोमन लोकांची आणि कुंपणाची वहिवाट आमची, असं का? परत जाऊन विचारायची हिंमत झाली नाही.

१६ जानेवारी

मीनाला दूध येतं. आई फडकी धुते. याच्याबद्दल कोणीच काही लिहून ठेवलेलं नाही.

१८ जानेवारी, रविवार

उपासना संपल्यावर कमिटीसमोर बोलले. परवानगी मागितली होती. पाळकसाहेबांनी दिली, आणि लगेच खिडकीबाहेर बघायला लागले.

मी म्हटलं, वधस्तंभावर प्रभूच्या शेजारी चोर होता. त्याच्या डोक्यावर कोणी पाणी घातलं? तरी प्रभूनं त्याला त्याच दिवशी सोबत नेलं.

तातेरावकाका म्हणाले, "चोराला प्रभूनं सोता सांगितलं. तुझ्या भाच्याला सांगितलं का?"

मागून बायांमधून कोणीतरी "ई बाई!" म्हणालं. मीना नव्हती, बरं झालं.

माझा आवाज चढला. मग काका अगदी गोड आवाजात म्हणाले, "ग्रॅज्युएट बाई, तुमचं सगळं शास्त्रावर हाय ना? मंग बायांनी मंडळीत गप बसावं, हे बराबर लिहिलेलं हाय. बसा खाली."

पुरुष हसले. माझे वडीलही – अण्णा पण हसले! सवयीनं हसले असतील. मी म्हटलं, "एकमेकांना पवित्र चुंबन देऊन सलाम करा, हेही बराबर लिहिलंय. तुम्ही अन् अण्णा दर रविवारी करता का?"

आता बाया हसल्या. केवढ्या हसल्या! काकांची मान लाल झाली.

घरी येताना छान वाटत होतं. गल्लीच्या तोंडापर्यंत. मग आठवलं की बाळ अजून बाभळीखालीच आहे. मी फक्त एका म्हाताऱ्या माणसाचं हसं केलं होतं.

१९ जानेवारी

कालचं मीनाला कोणीतरी जाऊन सांगितलं. ती उन्हात भिंतीला टेकून बसली होती. म्हणाली, "लई हसले म्हणं लोक."

मी तिच्या शेजारी बसले.

"तुला जिंकायचं व्हतं, अक्षे. मला त्याच्या नावाचा क्रूस पाहिजे व्हता."

२२ जानेवारी

पाळकसाहेब निरोप घेऊन आले. कमिटी तयार आहे! क्रूस लावता येईल, नाव लिहिता येईल, पाळक येऊन प्रार्थना करतील. जागा तीच राहील. फक्त मीनानं रविवारी मंडळीपुढं उभं राहून कबुली द्यायची – बाप्तिस्म्याला मी उशीर केला, मला क्षमा करा.

ही आमची जुनी पद्धत. कोणी दारू पिऊन सापडलं, कोणी दुसरं लग्न केलं, की देवळात प्रभुभोजनाच्या मेजासमोर उभं राहून कबुली. मग सगळे "आमेन" म्हणतात आणि माणूस परत आत. त्या जागेवर मीनाला उभी करणार.

उशीर कसला? बाळ झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी आई म्हणाली होती, "पाळकांना बोलवा गं." मीनाच म्हणाली, "घरी आल्यावर करू. देवळात, सगळ्यांसमोर." पांढरं झबलं घेऊन ठेवलं होतं तिनं. लेकरू घरी येईल असं तिला वाटलं, हा तिचा गुन्हा.

मी पाळकसाहेबांना म्हटलं, "तुम्हाला हे पटतं का?" ते म्हणाले, "मला पटून काय व्हतंय बाई? एवढं तरी मिळून राह्यलं." चहा अर्धा ठेवून गेले.

२४ जानेवारी

मीना तयार आहे. बिलकुल तयार. वाक्य पाठ करून राह्यली आहे, पोळ्या लाटता लाटता. "मी उशीर केला, मला क्षमा करा." मी म्हटलं, मीने, हे खोटं आहे. ती म्हणाली, "खोटं कसं? केलाच की उशीर. बोलावलं असतं तर आज ओळीत असता."

म्हणजे तिला ते खरं वाटायला लागलंय! उद्या ती सगळ्यांसमोर बोलेल आणि मग जन्मभर तेच खरं होऊन बसेल. क्रूस मिळेल, आणि लेकराची अपराधी म्हणून ती त्याच्याकडे बघत राहील.

आईला म्हटलं, हिला थांबव. आई म्हणाली, "थांबवून काय देऊ तिला? तुझं शास्त्र?"

खरंच, काय द्यायचं? माझ्याकडे शास्त्रात उत्तर नाही. त्यांच्याकडे वहिवाटीत दया नाही. मध्ये मीना पोळ्या लाटते आहे.

२५ जानेवारी, रविवार

पाळकसाहेबांनी मीनाचं नाव पुकारलं. ती उठायच्या आत मी उठले. मेजासमोर गेले आणि म्हणाले, "मीना पाळकांना बोलावणार होती. मीच अडवलं. घरी आल्यावर करू, असं मी म्हटलं. उशीर माझ्यामुळं झाला. मला क्षमा करा."

मीना मागून "अक्षे!" म्हणाली. आईनं तिचा हात दाबला असावा. पाळकसाहेबांनी माझ्याकडं नीट बघितलं. त्यांना कळलं. बोलले नाहीत.

तातेरावकाका म्हणाले, "शिकलेली असून?"

म्हटलं, "हो. शिकलेली असून."

सगळे आमेन म्हणाले. पण मी लेकरांना शिकवणारी, म्हणून वर्षभर मला प्रभुभोजन नाही, रविवारची शाळा नाही. दुपारी क्रूस लागला. या वेळी पाळकसाहेब झगा घालून आले, आणि बायांनाही आत येऊ दिलं.

देवाच्या मेजासमोर, सगळ्या मंडळीदेखत खोटं बोलले. संध्याकाळपासून पश्चात्ताप करून बघते आहे. होत नाही.